जोड लावताना

कुस्ती मैदानाचं पत्रक हातात पडलं की लोक आधी फोटो बघतात, मग नावं, मग इनामाचा आकडा. मी बघतो, हा याच्याशीच का लावलाय. पहिल्या नंबरची म्हणून छापलेली कुस्ती कमिटीच्या मनातली पहिली नव्हती, आधी दुसऱ्याच कोणाला विचारलं होतं आणि तो नको म्हणाला, हे पत्रकावरून बरेचदा ओळखू येतं. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेसाठी वीसेक वर्षं मी हेच काम करतो आहे. मी स्वतः नाव घेण्यासारखा पैलवान कधी नव्हतो. वडिलांबरोबर लहानपणापासून मैदानं पाहिली होती, हिशेब बरा होता आणि घाटावर जाऊन अनोळखी माणसाशी बोलायची भीड नव्हती. एवढ्यावर कमिटीने वही माझ्या हाती दिली.

कुस्ती म्हटलं की बाहेरच्या माणसाला कोल्हापूर-सांगली आठवते आणि अलिबाग म्हटलं की समुद्र नि बंगले. पण खाडीकाठच्या आगरी गावांना कुस्तीचं वेड जुनं आहे. भात कापून झालं की कार्तिकात जत्रा लागतात. आवासचा नागेश्वर, कनकेश्वर, वरसोलीचा विठोबा, मार्गशीर्षात चौलची दत्तजयंती, पुढे चैत्रात मारुतीच्या आणि गावदेवीच्या. या हंगामात गावोगावी लहानमोठी मैदानं होतात. कापणी झालेल्या शेतातली ढेकळं फोडायची, ट्रकभर तांबडी माती ओतायची, तिच्यात ताक, तेल, हळद घालून ती मऊ करायची आणि कडेने दोर बांधायचा. दुपारी हलगी वाजली की पोरांच्या कुस्त्या सुरू होतात. मोठी कुस्ती लागेपर्यंत दिव्यांवर किडे जमलेले असतात.

कुस्त्या दोन तऱ्हेच्या. एक नेमलेली, म्हणजे महिना-दीड महिना आधी दोन्हीकडे बोलून ठरवलेली आणि पत्रकावर छापलेली. दुसरी फडावरची, म्हणजे त्या दिवशी आलेल्या पोरांतून उभ्या उभ्या लावलेली. पहिलीत डोकं लागतं, दुसरीत डोळा.

मला पहिल्यांदा कोल्हापूरला नेलं ते कमिटीतल्या एका जुन्या काकांनी. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं तोवर मी फक्त लाऊडस्पीकरवर ऐकली होती. आमच्या खिशात गावाने ठरवलेला आकडा होता आणि तो ऐकून वस्ताद खूश होतील असं मला वाटत होतं. वस्तादांनी आकडा विचारलाच नाही. चहा सांगितला आणि म्हणाले, "पावणं, माती कसली हाय तुमची?" मग समोर कोण, तो कुठल्या तालमीचा, हल्ली कोणाशी खेळला, पंच कोण, कुस्ती किती मिनिटांची, निकाली की गुणांवर, आदल्या दिवशी पोरगा कुठे झोपणार, हे सगळं झालं. पैशाचं शेवटी, उठता उठता, जणू विचारायचंच राहिलं होतं. परत येताना काका गाडीत म्हणाले, "त्यांनी विचारला तो एकेक प्रश्न पैशाचाच होता." पुढे कळलं ते असं. खारवट, कडक माती म्हणजे गुडघ्याला धोका, म्हणून जास्त पैसे. पंच समोरच्याच्या भागातला असेल तर जास्त पैसे. वेळ कमी असेल तर कमी, कारण बरोबरीत सुटायला सोपं.

पैलवान किती मागतो यावरून त्याला जिंकायची किती ईर्षा आहे हे समजत नाही. हरलो तर माझं काय जाईल, याचा तो भाव असतो. नाव असलेल्या मल्लासमोर दुसरा नाव असलेला उभा केला तर तो परवडेल असा आकडा सांगतो, कारण हरला तरी मोठ्याशी हरला म्हणतील. त्याच्यासमोर कोणाला माहीत नसलेला, नव्याने तापलेला विशीतला पोरगा ठेवा, तो दुप्पट मागेल. जिंकून काही मिळत नाही आणि हरला तर हंगामभर प्रत्येक मैदानावर निवेदक ते सांगत सुटतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की तो घाबरला. मला नाही तसं वाटत. ज्याचं पोट नावावर चालतं, त्याने नाव फुकट मातीत का घालावं?

नकार कधीच सरळ येत नाही. "पोराचा खांदा धरलाय", "त्या तारखेला साताऱ्यात बोललोय", आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, "फुडल्या वर्षी बघू की." या पुढच्या वर्षाचा अर्थ मी असा लावतो की एक तर माझा पोरगा तयार होऊ दे, नाहीतर समोरचा उतरू दे. दोघंही ऐन भरात असतानाची जोड म्हणूनच फार दुर्मिळ. जगातही तेच चालतं. मेवेदर आणि पॅकियाव या दोन मुष्टियोद्ध्यांची लढत २००९ च्या अखेरीस जुळत आली होती. रक्तचाचणीच्या अटींवरून ती फिसकटली आणि प्रत्यक्षात झाली २ मे २०१५ रोजी, लास व्हेगासला. तोवर एक अडतीस वर्षांचा, दुसरा छत्तीसचा. पैशाची वाटणी साठ-चाळीस ठरली आणि दोघांनी अमाप कमावलं. लढत मात्र बऱ्याच जणांना मिळमिळीत वाटली. आमच्या वहीतही अशा जोड्या आहेत. तीन-तीन वर्षं दोन वस्तादांच्या मध्ये हेलपाटे घालून अखेर जमवलेल्या. मैदानात दोघे उभे राहिले तेव्हा एकाच्या पोटावर चरबी आलेली आणि दुसऱ्याच्या गुडघ्यावर पट्टा.

यावर कोणी म्हणेल, चिठ्ठ्या टाका, भानगडच मिटेल. महाराष्ट्र केसरी तशीच होते. १९६१ पासून ती स्पर्धा चालू आहे. गादी आणि माती असे दोन विभाग, दोन्हीकडचा विजेता शेवटी समोरासमोर आणि जिंकेल त्याच्या खांद्यावर गदा. तिथे कोणी कोणाला निवडत नाही. नाव निघेल त्याच्याशी लढायचं. पण ती गदा वर्षात एखाद्याच्याच खांद्यावर जाते. बाकीच्या शेकडो पैलवानांचं दूध-बदाम जत्रेच्या मैदानांवर चालतं आणि तिथे सगळी निवडच. एखादा मल्ल हंगामभर महाराष्ट्रात फिरून पंचवीस-तीस कुस्त्या करेल आणि ज्याच्याशी त्याने लढायला हवं त्याला एकदाही भेटणार नाही. दोघांचेही वस्ताद एकमेकांचं पत्रक आधी बघतात.

आता पैसे. पत्रकावरचा आकडा आणि पाकिटातला आकडा एक नसतो, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. पत्रकावर एक लाख छापलं की प्रत्यक्ष बोली त्याच्या निम्म्याचीही असेल. नवीन असताना मला हे खटकलं. एका पैलवानानेच मला समजावलं, तोही अगदी हसत. "दादा, तुम्ही छापलेला आकडा घेऊन मी पुढच्या गावात बोलतो. तो कमी करू नका, हवं तर पाकीट कमी करा." म्हणजे खोटा आकडा दोघांनाही हवा असतो. गावाला गर्दीसाठी, त्याला पुढच्या भावासाठी. यात फसतो तो फक्त जिल्ह्याबाहेरून पहिल्यांदा आलेला कोवळा पोरगा. तो पत्रक खरं मानून येतो. अशा पोराला आधीच बाजूला घेऊन खरा आकडा सांगायचा, हा माझा नेम. त्यावरून कमिटीत माझे वाद झालेले आहेत.

पैसे उभे राहतात ते वर्गणीतून. घरटी पावती, मुंबईला नोकरीला असलेल्यांची पावती, बोटवाल्यांची, रेतीवाल्यांची आणि गेल्या पंधरा वर्षांत जमिनीच्या व्यवहारातल्या माणसांची. ही शेवटची मंडळी मोठा आकडा बोलतात आणि पत्रकावर फोटो मागतात. अडचण अशी की पैलवानाशी बोली दिवाळीच्या सुमारास करावी लागते आणि वर्गणी जमते जत्रेच्या आदल्या रात्रीपर्यंत. हातात काही नसताना शब्द द्यायचा. बॉक्सिंगच्या लढती जुळवणाऱ्या डॉन किंगने १९७४ साली अली आणि फोरमन या दोघा मुष्टियोद्ध्यांना पन्नास-पन्नास लाख डॉलरचा शब्द दिला तेव्हा त्याच्याकडेही ते पैसे नव्हते. दोघांच्या सह्या आधी घेतल्या आणि त्या दाखवून पैसेवाला शोधला. तो सापडला आफ्रिकेत, झैरेचा हुकूमशहा मोबुटू. ३० ऑक्टोबरला किन्शासात लढत झाली. हा किस्सा मी आमच्या खजिनदाराला सांगितला तर तो म्हणाला, "आपला मोबुटू कोन हाय यंदा, ते सांग."

बरोबरी हे मैदानाचं सगळ्यात मोठं दुखणं. लोक चार तास बांधावर बसतात ते चितपट बघायला. पूर्वी आमच्याकडे पहिली कुस्ती निकालापर्यंत चाले, मग अंधार पडो की काही होवो. नंतर वीस-पंचवीस मिनिटांची मुदत आली. मुदत आली की खडाखडी आली. दोघं मानेवर हात ठेवून गोल फिरतात, पट काढायचं नाटक करतात, दोराबाहेर जातात, पुन्हा मध्ये येतात. आमच्या हलगीवाल्या म्हाताऱ्याला पहिल्या दोन मिनिटांत कळायचं. तो माझ्याकडे बघून हलगीचा ताल मुद्दाम संथ करायचा.

एका वर्षी पहिल्या नंबरचे दोघे वेगवेगळ्या गाड्यांतून आले, वेगवेगळ्या घरी उतरले, मैदानात एकमेकांकडे रागाने बघितलं आणि पंचवीस मिनिटं एकही डाव पडला नाही. रात्री वडखळ नाक्यावरच्या हॉटेलात आमच्याच गावच्या पोरांनी दोघांना एका टेबलावर जेवताना पाहिलं. नुरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली, कुस्ती झाली म्हणून गाव पेटलं. पाकीट देऊ नका, असा आग्रह झाला. काकांनी ते प्रकरण मिटवलं. निम्मं दिलं, निम्मं देवळाच्या पेटीत टाकलं. मला त्या दोघांचा राग आला नव्हता असं नाही. पण त्यातल्या एकाला त्या आठवड्यात चार बोली होत्या. मंगळवारी आमच्याकडे जीव तोडून लढला असता आणि खुबा सरकला असता तर बाकीची तीन मैदानं गेली असती, कदाचित सगळा हंगाम. त्याचा दवाखाना आम्ही भरणार नव्हतो. त्याला सुरक्षित रहायचं होतं आणि आम्हाला रक्त बघायचं होतं. तेवढ्या पैशात त्याने जे परवडलं ते दिलं.

पुढच्या वर्षी पत्रकावर ठळक छापलं, 'बरोबरीत सुटल्यास इनाम मिळणार नाही'. परिणाम उलटाच झाला. चांगले पैलवान येईनात आणि आले ते आगाऊ रक्कम मागू लागले. दोन-तीन हंगाम धडपडून आम्ही जमवलेली रीत अशी. प्रवास, खुराक आणि ठरावीक रक्कम काहीही झालं तरी पक्की. बाकीचे पैसे निकालावर, जिंकणाऱ्याला दोन वाटे आणि हरणाऱ्याला एक. हरणाऱ्याला वाटा का, यावर गावात अजून वाद होतो. पण हरायची हिंमत करून जो डाव टाकतो, त्याच्याच अंगावर डाव उलटतो. त्याला रिकाम्या हाताने पाठवलं तर पुढच्या वेळी तोही गोल फिरेल.

बरोबरीची गोष्ट निघाली की मला गामा पैलवान आठवतो. १९१० साली बेंजामिन नावाचा प्रवर्तक त्याला लंडनला घेऊन गेला. उंची कमी म्हणून स्पर्धेत घेईनात. तेव्हा गामाने जाहीर आव्हान दिलं, कुठल्याही वजनाचे कोणतेही तीन मल्ल अर्ध्या तासात पाडतो. लोकांना ती थाप वाटली. पुढे अमेरिकेच्या रोलरला त्याने सहज पाडलं आणि मग पोलंडच्या झिबिस्कोशी जोड लागली. इनाम अडीचशे पौंड आणि जॉन बुल पट्टा. १० सप्टेंबरला झिबिस्को सुरुवातीलाच पोटावर पडला आणि अडीच तासांहून जास्त वेळ मातीला, म्हणजे तिथल्या गादीला, चिकटून राहिला. एवढ्या अवजड माणसाला उलटा करणं जमेना. निकाल लागला नाही. पुन्हा कुस्ती १७ तारखेला ठरली आणि त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला दिला. पुन्हा दोघं भेटले ते थेट १९२८ ला पटियाळ्यात आणि तेव्हा मिनिटही लागलं नाही. लोक गामाच्या ताकदीसाठी ही गोष्ट सांगतात. मी कमिटीत ती झिबिस्कोसाठी सांगतो. पत्रकावर 'निकाली' छापून निकाल लागत नसतो, आणि एकदा अंगावर आलेला माणूस दुसऱ्यांदा कोणी फुकट बोलवत नसतो.

ते मी आमच्याच किनाऱ्यावर पाहिलं. रेवदंड्याच्या बाजूचा एक पोरगा होता. पोलादी मनगट, पायात चपळाई, कलाजंग असा बसायचा की बांधावरची माणसं आधीच उठून उभी राहायची. तीन हंगाम तो जिल्ह्यात पडला नाही. पण त्याची जोड त्याचे काका ठरवत. ते माझ्याकडे यायचे तेव्हा त्यांचं म्हणणं एकच असायचं. "दादूस, आमचे पोराला जोर कमी नाय, पन जोड बघून दे." बघून म्हणजे नाव मोठं, पण उतरलेला, घाटावरचा, पण महिनाभर आजारी असलेला. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उमेदीच्या खेळाडूला सुरुवातीला हाताबाहेर न जाणारे प्रतिस्पर्धी देतात आणि जिंकलेल्या लढतींचा आकडा फुगवतात, तसंच हे. त्यात वाईट काही नाही. विशीच्या पोराला एकदम वाघासमोर टाकला तर तो मोडतो. पण तीन वर्षं? गावाला गर्दी हवी, काकांना मान हवा आणि मला सोपं पत्रक हवं. म्हणून ते चाललं.

एके दिवशी तो एकटा आला. मोटरसायकल बाहेर लावून ओटीवर बसला आणि सांगलीच्या एका पोराचं नाव घेतलं. त्या वर्षी घाटावर त्या पोराचा दबदबा होता. म्हणाला, "काकांना सांगू नका. मला याच्याशी पाहिजे. पैसे नाय दिलंत तरी चालंल." मी सांगलीला फोन केला. तिथले वस्ताद लगेच हो म्हणाले आणि भाव अगदी साधा सांगितला, यावरूनच मला निकालाचा अंदाज आला. कोकणातल्या पोराशी जोड म्हणजे त्यांना वाटेवरचं पाकीट होतं. आमच्या पोराने सुरुवातीला दोनदा पट काढला, एकदा तर समोरच्याला कब्जात घेतलं. मग घिस्सा बसला आणि आमचा पाठीवर. मैदानात चिडीचूप. काका माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत.

पुढच्या दिवाळीत पोरगा पुन्हा आला. तोच पाहिजे म्हणाला. वर्षभर तो पुण्यात राहून आला होता, मान जाड झाली होती. मी पुन्हा फोन केला. तेच वस्ताद, आता चहापाण्याचं बोलत बसले, मग तारखेची अडचण, मग अडीचपट आकडा. मी फोन ठेवून त्याला आकडा सांगितला तर तो खूश झाला. एवढा खूश की उठून माझ्या आईच्या पाया पडला. त्याला काय कळलं ते मलाही कळलं. त्या कुस्तीचा आकडा आम्हाला झेपला नाही. तो आता एका कंपनीत कायम आहे आणि जत्रेला पंच म्हणून येतो. दोराबाहेर पळणाऱ्यांना सगळ्यात आधी ताकीद तोच देतो.

फडावरच्या जोडीचा आनंद वेगळा. दुपारी पन्नास-साठ पोरं कपडे काढून रांगेत उभी राहतात. दोघांना हाताला धरून मध्ये आणायचं, खांद्याला खांदा लावून बघायचं, मग दोघांचे हात वर धरून मैदानाला एक फेरी मारायची. लोकांना जोड पटली तर गप्प राहतात. नाही पटली तर ओरडतात आणि बहुधा त्यांचंच बरोबर असतं. वजनकाटा नसतो. मनगट, पोटरी, मानेची मागची बाजू आणि कान, एवढं बघायचं. कान मोडलेला असेल तर पोरगा तालमीतला, तो कितीही म्हणो की मी शेतावर असतो. एकदा ऐन दुपारी कानाला मफलर गुंडाळलेला एक जण आला. सर्दी झाली म्हणाला. मफलर सोडायला लावला तर दोन्ही कान पुरीसारखे फुगलेले. त्याला दोनशेच्या कुस्तीत उतरायचं होतं, ती काढून त्याला तीन हजाराची दिली. हरला. जाताना मफलर पुन्हा गुंडाळला.

मधूनच बांधावरून वाढीव इनाम पुकारलं जातं. अमक्या शेटतर्फे पाचशे, तमक्यातर्फे हजार. ठरलेली बोली अशा वेळी हवेत जाते. खडाखडी करणारे दोघं हजाराचा पुकारा ऐकून एकदम अंगावर येतात, हे मी कित्येकदा पाहिलंय. म्हणून मी निवेदकाला सांगून ठेवतो की वरचे पैसे दहा मिनिटं खिशात ठेवायला सांग, मग पुकार.

अलीकडे मुलींच्या कुस्त्या होतात आणि गर्दी त्यांना उठून जात नाही. तिथे वेगळीच अडचण. एका तालमीतल्या दोघी एका गाडीतून येतात आणि गावोगाव एकमेकींशीच खेळतात. कोण पडणार हे तिसऱ्या गावापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. आता मी दोन वेगळ्या जिल्ह्यांतून मुली बोलावतो. प्रवासखर्च दुप्पट होतो, म्हणून कमिटीत दरवर्षी कुरकुर होते. परदेशी मल्लाचा मात्र मला उत्साह नाही. इराणचा म्हणून आणलेला पैलवान कोण, कुठे खेळला, काही पडताळता येत नाही. पत्रक सजतं एवढंच. बाहेरचा आणायचा तर ज्याचं नाव लोकांना ठाऊक आहे तो आणावा. सत्तरच्या दशकात कोल्हापूरने दिल्लीच्या सतपालला असं बोलावलं होतं. १९७६ ला तिथल्या खासबाग मैदानात युवराज पाटलांनी त्याला हरवलं, ते अजून घाटावरची म्हातारी माणसं सांगतात. सतपाल तेवढा मोठा होता म्हणून ती कुस्ती मोठी.

पाहुणचार हाही बोलीचा भाग असतो. घाटावरच्या पोरांना सुरुवातीला आमच्याकडे मोठ्या प्रेमाने जिताडा मासा वाढत. आमच्याकडे जावयाला जिताडा म्हणजे सगळ्यात मोठा मान. पोरं काटा घशात अडकेल म्हणून कडेने भात खायची आणि उपाशी झोपायची. आता मटण, चपात्या आणि चार लिटर दूध, असं वहीतच लिहिलेलं असतं.

जोड कोणी लावली, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये वरळीला बॉक्सर विजेंदर सिंगची चीनच्या झुल्पिकारशी लढत होती, दोघांचेही पट्टे डावावर. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद, म्हणून गावातली चार पोरं पेण-पनवेलमार्गे गेली. विजेंदर गुणांवर जिंकला. पोरं परत आली ती दिव्यांचं, संगीताचं सांगत. मी विचारलं, हा चिनी याच्यासमोर कोणी आणला, आणि तो हो का म्हणाला? पोरांना प्रश्नच कळला नाही.

यंदाचं पत्रक अजून छापखान्यात गेलेलं नाही. पहिल्या नंबरला एक पुण्याचा ठरला आहे; त्याच्या समोरचा हवा आहे. सोलापूरकडच्या एकाचे वस्ताद वीस मिनिटं म्हणतात, पुण्याचे तीस म्हणतात. पंच कोण हे दोघांनीही तीन-तीनदा विचारलं. काल सोलापूरहून पुन्हा फोन आला आणि वस्तादांनी, उगाच विचारल्यासारखं, मातीत यंदा तेल किती घालणार ते विचारलं. म्हणजे येतील. आता आकड्यावर बसायचं.